बिनटपाच्या गाडीची हळद

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळ

…सडा टाकून झाला होता. कोंबड्या सोडल्या, दूध तापत ठेवलं, पहिली भाकरी तव्यात टाकली आणि शेडातून मालकांनी हाक मारली. अगं ये, बॉनेटमध्ये तोंड दिसून राह्यलं बघ. मी म्हणाले, भाकरी करपतीय. ते म्हणाले, मंग राहू दे, माझंच बघतो. माझ्या जुन्या पातळाचा तुकडा घेऊन गाडी पुसत होते. एवढंच. त्या सकाळी दुसरं काहीच घडलं नाही. आज उठल्यापासून तीच का आठवते, कळत नाही.

अंगदच्या फोनशी त्याचा काही संबंध नाही. अंगद पुण्याहून म्हणाला, आई, आप्पांची गाडी अंबडचे देवानंद सर मागतात, देऊ का? मी म्हणाले, देऊन टाक. विचारायचं काय त्यात. मालकांना जाऊन दीड वर्ष झालं. मला ती चालवता येत नाही. दोनच सीट, वर टप नाही, मागं एक पोतं मावत नाही. मालक विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचे. कुठल्याशा फार्महाऊसवर कामाला गेले आणि मजुरीच्या बदल्यात ही मोडकी पांढरी स्पोर्ट्स कार ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. अख्खं गाव हसलं. मालकांनी ती रस्त्यावर आणली तेव्हाही हसलंच, पण जरा कमी.

मला वस्तूंचा मोह नाही. फक्त मळकी द्यायची नाही. लेकीलासुद्धा आपण न्हाऊ-माखू घालून पाठवतो. तर ठरलं. आठवड्याभरात स्वतःच्या हातानं घासून, पॉलिश करून, आरशासारखी करून द्यायची. उद्यापासून सुरू.

६ ऑगस्ट

शेड उघडलं. गाडीवरची पोती काढली. ड्रायव्हरच्या सीटवर काळी कोंबडी खुडूक बसलेली. त्या सीटला मालकांच्या बसण्यानं खड्डा पडलाय, बराबर त्या खड्ड्यात.

अंडी मीच ठेवली होती. डाल्याचं बूड गेलंय म्हणून. गाडी जायची हे तेव्हा मला काय माहीत? अंगद महिनाभर बोलत होता खरं, पण पक्कं काही नव्हतं.

खुडूक कोंबडी उठवायची नसते. अंडी वाया जातात. आता काम पिल्लं निघाल्यावरच. माझा नाइलाज आहे.

११ ऑगस्ट, रविवार

देवानंद सर येऊन गेले. हायस्कूलला गणित शिकवतात. माणूस भला. येताना नवं कव्हर, पॉलिशची डबी, मऊ फडकी आणि बॅटरी घेऊन आल्ते. मी म्हणाले, गाडी अजून माझ्या दारात आहे सर, तुम्ही कशाला आणलं? ते म्हणाले, काकू, आज ना उद्या लागणारच की.

मी सहज विचारलं, एवढी का आवडली? सरांचे वडील, राजानंद, एसटीत कंडक्टर होते. अंबड-घनसावंगी गाडीवर. मालकांची ही गाडी समोरून आली की ते डबल बेल द्यायचे आणि मालक हात वर करायचे. पुढं मालक मुद्दाम बसच्या टायमाला निघायचे म्हणे. दोघं आयुष्यात एकदाही एकमेकांशी बोलले नाहीत. आता राजानंदांना गुडघ्यामुळं चालवत नाही. दसऱ्याला विहारात कार्यक्रम असतो. तिथपर्यंत ह्या गाडीतून, उघड्यावर बसून जायचं, एवढंच धरून बसलेत.

मालक बसच्या टायमाला निघायचे हे मला माहीत नव्हतं. चहात साखर दोनदा पडली. सरांनी तसाच पिला.

दसऱ्याला गाडी तुमच्या दारात, असा शब्द दिला. मी शब्दाची पक्की आहे. सरांना आत बसून बघायचं होतं. मी कोंबडी दाखवली. ते म्हणाले, असू द्या, बाळंतपण होऊ द्या तिचं.

१९ ऑगस्ट

वाचनालयातून मोटारींच्या निगेवरचं एक जुनं पुस्तक आणलंय. रोज दोन पानं. घाईनं केलेलं काम हे काम नव्हे. आतापर्यंत, काळीला धक्का न लावता, उजवा हेडलाइट झालाय.

कांताबाई कुंपणावरून म्हणाली, उषाबाई, एक डोळा उजळला, दुसऱ्यात मोतीबिंदू ठेवला का? तिला वाचनाची सवय नाही.

२७ ऑगस्ट

पिल्लं निघाली. एक अंडं वाया. काळीला खाली उतरवताना तिनं हाताला चोच मारली. मला ते पटलं.

गाडी धुतली. दोन्ही हेडलाइट झाले. पुढच्या मडगार्डला जुना पोचा आहे, म्हणून घनसावंगीहून पप्पू मेकॅनिकला बोलावलं. जीपांचा मेकॅनिक. त्यानं आल्या आल्या हातोडा काढला. ह्या गाडीचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं आहे, पाण्याच्या टाकीसारखं. ते ठोकायचं नसतं, तडकतं. पुस्तकात बाराव्या पानावर आहे. मी वाचलं होतं. सांगायचं राहून गेलं.

तडकलं. पप्पूचं तोंड एवढंसं झालं. काकू, मी भरून देतो, म्हणाला, माझ्या खर्चानं. मी म्हणाले, जाऊ दे रे, पण मंग आता दिवस लागतील का? तो म्हणाला, लागतील. मी म्हणाले, लागू देत, घाई नाही.

रात्री पप्पूचं तोंड आठवत राहिलं. उद्या त्याच्या आईसाठी शेवग्याच्या शेंगा पाठवते.

१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ

आज खांदेमळण. उद्या पोळा. गोठा रिकामा आहे, शेत बटईनं दिलंय, बैलं वाटेकऱ्याकडंच. पण बैलांच्या खांद्यांना चोळतात तशी वाटीभर तूप-हळद कालवली गेली. हाताला सवय.

मग सुचलं. पुस्तकात लिहिलंय की पॉलिशमध्ये मेणासारखं स्निग्ध काहीतरी असतं. तूप स्निग्धच की. आणि हळद औषधी. सरांची डबी सरांसाठी ठेवावी, आपल्या घरचं आपण लावावं. मालक ह्या गाडीला माझा बैल म्हणायचेच. आधी बॉनेटच्या दोन्ही खांद्यांना चोळलं. मग वाटलं, अर्धवट कसं दिसेल? सगळ्या गाडीला चोळलं. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं बैलांना म्हणतात तेही म्हणाले. शेडात कुणी नव्हतं.

काम झकास झालं. उद्या सकाळी पुसलं की आरसा.

२ सप्टेंबर. पोळा

पुसलं. तूप गेलं. हळद नाही गेली.

जुना रंग भुसभुशीत झाला होता, त्यात मुरली. साबण, लिंबू, चिंच, राख, सगळं झालं. आता पिवळी, त्यावर राखेचे ओरखडे.

कांताबाई पोळ्याची पुरणपोळी द्यायला आली आणि ताट तसंच हातात धरून उभी. अगं बया, म्हणाली, हळद लागली की पोरीला! मुहूर्त कधीचा? नवरदेव अंबडचा हाय म्हणे.

मी ताट घेतलं. पुरणपोळी चांगली होती.

८ सप्टेंबर

सरांचा फोन. आज बघायला येऊ का? मी म्हणाले, सर, आता नका येऊ. गाडीला हळद लागलीय. हळद लागलेल्याला घराबाहेर काढत नाहीत, आमच्यात नाही काढत. अंगावरची हळद उतरू द्या.

मला वाटलं रागावतील. ते एवढे हसले की मागं त्यांच्या रविवारच्या शिकवणीतली पोरंपण हसली. म्हणाले, काकू, आमच्यात पण लागते हळद. उतरू द्या निवांत. बाबांना सांगतो, नवरी नटून राह्यली.

खोटं काय बोलले मी? काहीच नाही. लागलीच आहे हळद.

तरी फोन ठेवल्यावर हात धुतले.

१५ सप्टेंबर

कांताबाई म्हणे, उषाबाई, पातळाला हळद लागली तर तुम्ही काय करता? मी म्हणाले, धुते. ती म्हणाली, अन् मंग? मी म्हणाले, पिळते. ती म्हणाली, उन्हात टाकता. उन्हात हळद राहत न्हाई हे शेंबड्या पोरीला कळतं. ढकला ना गाडी अंगणात.

मी तिला समजावलं की उन्हानं गाडीचा रंग खराब होतो. पुस्तकात आहे. म्हणूनच सरांनी एवढं भारी कव्हर आणलंय. ते घालून ठेवलंय, चारी बाजूंनी दोरी बांधून. सरांच्या वस्तूचा सरांच्याच गाडीसाठी उपयोग.

कांताबाईनं कव्हरकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, तुमी लई पुस्तकं वाचता.

२२ सप्टेंबर, रविवार

पप्पूनं मडगार्ड भरलं. चांगलं भरलं. शेंगा आवडल्या म्हणाला. त्यामुळं जास्तच वाईट वाटलं.

बॅटरी बसवली. चालू करून बघायचं तर कुणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाय द्यायला हवा. पप्पू बसायला गेला. मी म्हणाले, तिथं नको. तो म्हणाला, मंग तुम्ही बसा काकू. मी म्हणाले, मी कशी बसू, ती मालकांची जागा. तो म्हणाला, कोंबडी बसल्ती की. शेवटी बिचारा बाहेरून वाकून, दारावर पोट टेकून, हातानं ॲक्सिलेटर दाबत होता.

चौथ्या-पाचव्यांदा चालू झाली. तोच आवाज. आधी खाकरणं, मग गुरगुर, मग सारखी.

मी म्हणाले, भाकरी करपतीय, आणि आत गेले. चुलीवर काही नव्हतं.

२५ सप्टेंबर

पितृपक्ष. सरांना कळवलं की पितृपक्षात वाहन घराबाहेर द्यायचं नसतं. ते नम्रपणे म्हणाले, काकू, आम्ही हे पाळत न्हाई. मी म्हणाले, मी पाळते. ह्याच पंधरवड्यात मागं आम्ही म्हैस विकली होती. ती काही वाहन नव्हे.

दुपारी कव्हर वर करून बघितलं. हेडलाइटच्या कडेनं आपोआप पांढरं दिसायला लागलंय. एकसारखं दिसत नव्हतं. वाटीत थोडी हळद उरली होती. लावली. फक्त कडेला. फक्त एकसारखं दिसावं म्हणून.

संध्याकाळी जेवण गेलं नाही. पित्त असेल.

५ ऑक्टोबर, शनिवार

अंगद आला. पाणीसुद्धा न पिता शेडात गेला, दोऱ्या सोडल्या, कव्हर ओढलं आणि बॉनेटवर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, आई, ही ताजी हळद आहे.

मी म्हणाले, दमट हवा आहे.

तो बॉनेटला टेकून उभा राहिला. अगदी त्याच्या बापासारखा, एक पाय पुढं. म्हणाला, तुला द्यायची नसेल तर एकदा स्पष्ट सांग. मी सरांची माफी मागतो. गाडी राहू दे इथंच, मला ती जड झाली का? पण ते म्हातारं माणूस रोज विचारतं, हळद उतरली का. सर तुला सांगत न्हाईत, मला सांगतात.

मी म्हणाले, कोण म्हणतं द्यायची नाही? मी शब्द दिलाय. मलाच घाई आहे.

बरं म्हणाला. मग सीटवर हात दाबून बघितला. म्हणाला, जाता जाता इथं नवा फोम भरून घेऊ, सरांना खड्ड्यात बसल्यावर समोरचं दिसायचं न्हाई. मी ओरडले त्याच्यावर. काय ओरडले ते लिहीत नाही. तीस वर्षांचा पोरगा, बायको-लेकरं सोडून एवढ्या लांबून आलेला. शेडातून बाहेर गेला आणि कोंबड्यांना दाणे टाकत बसला. दाणे सकाळीच टाकले होते, कोंबड्यांनी तेही खाल्ले.

रात्री त्याच्यासाठी धपाटे केले. खाल्ले त्यानं. दसऱ्याला परत येतो म्हणाला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

अनोळखी नंबरवरून फोन. म्हातारा आवाज. वहिनी, मी राजानंद कंडक्टर बोलतो. देवानंदला न सांगता फोन लावलाय. हळद उतरली का?

मी म्हणाले, उतरून राह्यली.

ते म्हणाले, घाई न्हाई. यंदा न्हाई जमलं तर पुढच्या साली. आणि मग तोंडानंच आवाज काढला, टण टण. पुन्हा म्हणाले, पोहोचला का आवाज? तुमच्या मालकाला लांबूनच पोचायचा.

पुढच्या साली, असं म्हणाले. त्यांच्या वयाला.

फोन ठेवला आणि कांताबाईला हाक मारली. ती सुनेला घेऊन आली. तिघींनी मिळून गाडी ढकलली. शेडाच्या उंबऱ्यावर अडकली तेव्हा कांताबाई म्हणाली, सासरी जाताना अडतेच, रेटा. अंगणात, भर उन्हात उभी केली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. पिवळी धमक गाडी. बघू देत.

१० ऑक्टोबर

गेली हळद. दोन उन्हांत गेली. बॉनेट, दारं, सगळं पांढरं. इतकं सोपं होतं.

सरांची पॉलिशची डबी आज पहिल्यांदा उघडली. पुस्तकात सांगितलंय तसं, थोडं थोडं घेऊन, मऊ फडक्यानं. दुपारपर्यंत बॉनेटमध्ये तोंड दिसायला लागलं. माझं. मी बराच वेळ बघितलं. कपाळ फार रिकामं दिसतं.

आता सगळी तयारी झाली. परवा दसरा. हसत गाडी द्यायची, डोळ्यात पाणी आणायचं नाही, सरांना कसलंच निमित्त सांगायचं नाही. पक्कं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मालकांचा पान्यांचा डबा सापडला. चार बोल्ट होते. दोन गंजलेले, त्यांना वेळ लागला.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. गाडी गेली.

सकाळी सगळे आले. सर, राजानंद पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, टॅक्सीनं. अंगदही आला. मी गाडीला झेंडूचा हार घातला होता. सरांनी दार उघडलं आणि आत बघितलं. ड्रायव्हरची सीट नव्हती. नुसता तळ आणि चार भोकं.

मी सांगणार होते की उंदरांनी कुरतडली म्हणून काढली. ठरवून ठेवलं होतं. पण सीट पडवीतच होती, भिंतीला लावून, वरून माझ्या पातळाचा तुकडा टाकलेली. तुकडा छोटा पडला. सरांना दिसली. अंगदला दिसली. पडवीकडं बघत राजानंद म्हणाले, देवानंद, तुला काय सीटची गरज? मी तीस वर्षं उभ्यानं ड्युटी केली.

सर हसले नाहीत. म्हणाले, काकू, सीट असू द्या. मी दुसरी बसवतो. मग जरा थांबून म्हणाले, सध्यापुरता पाट असेल का एखादा?

मी आतून पाट आणला, त्यावर घडी करून माझी वाकळ दिली. पप्पूला बोलावून पाट दोरीनं घट्ट बांधून घेतला. सर त्यावर बसले, राजानंद शेजारच्या सीटवर. गुडघे स्टिअरिंगच्या वर आले. गुडघ्यांच्या मधून रस्ता बघत त्यांनी गाडी चालू केली.

जाण्याआधी राजानंद काठी टेकून खाली उतरायला लागले. वहिनी, आधी तुमी बसा, म्हणाले, एक चक्कर गावापर्यंत. मी म्हणाले, नको, भाकरी करपतीय. अंगद हळूच म्हणाला, आई, चूल थंड आहे. मी म्हणाले, तरी.

राजानंद परत बसले. गाडी वळणापर्यंत गेली. तिथून त्यांनी जोरात तोंडानंच डबल बेल दिली. अंगदनं हात वर केला. मी केला की नाही, आठवत नाही. पदर हातात होता.

अंगद रात्रीच्या गाडीनं गेला. सीटबद्दल एक शब्द बोलला नाही.

आज सकाळी सडा टाकला. कोंबड्या सोडल्या. पडवीत गेले तर सीटच्या खड्ड्यात काळी येऊन बसलेली. तिला उठवलं. मी बसले, आणि दुपारपर्यंत तूर निवडली.